आधी ओळखा, मग घासा : जुन्या हातकरवतींविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या हत्यारांविषयी प्रश्न मागवले होते. बरीचशी पत्रं हातकरवतींबद्दल आली, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. उत्तरांत काही शब्द वारंवार येतील, ते असे: पात्याचा मुठीजवळचा भाग ती टाच, पुढचं निमुळतं टोक ते नाक, आणि दातांच्या समोरची कड ती पाठ.

प्रश्न (सावंतवाडी): आजोबांच्या पेटीत २६ इंची करवत सापडली. मुठीवर पितळी चकती आहे. तिच्यावर सिंह, एकशिंगी घोडा आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ ही इंग्रजी अक्षरं आहेत. या कंपनीची माहिती कुठेच मिळत नाही. करवत किती जुनी असेल?

या नावाची कंपनीच नव्हती, म्हणून माहिती मिळत नाही. ‘वॉरंटेड सुपीरियर’ ही फक्त दर्जाची हमी. इंग्लंड-अमेरिकेतले अनेक कारखाने अशी चकती आपल्या दुय्यम मालावर, किंवा एखाद्या दुकानदाराच्या नावाने विकायच्या करवतीवर लावत. सिंह आणि एकशिंगी घोडा हे ब्रिटिश राजचिन्ह आहे, तेव्हा तुमची करवत बहुधा शेफील्डची. अमेरिकन चकतीवर जास्त करून गरुड असतो.

बनवणाऱ्याचं नाव शोधायचं ते पात्यावर. मूठ उजव्या हाताला आणि दाते खाली येतील अशी करवत आडवी धरा. समोर दिसणाऱ्या बाजूवर, पात्याच्या साधारण मधोमध, ॲसिडने कोरलेलं चिन्ह असतं. ते इतकं उथळ असतं की गंजाखाली अजिबात दिसत नाही, आणि जोरात घासलं तर कायमचं जातं. म्हणून तिथे बोटाने कागद धरून घासू नका. बोट उथळ भागातही शिरतं आणि चिन्हातला काळेपणा पुसून काढतं. सपाट, कडक लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, टर्पेंटाइनचे चार थेंब टाका आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवून पुसून पाहा. उंच भाग उजळतो आणि खोलगट अक्षरं काळी राहतात. एखादा हत्ती, मुकुट किंवा नुसती ‘शेफील्ड’ची शेवटची दोन अक्षरं दिसली तरी थांबा, फोटो काढा, मगच पुढे जा. काही दिसत नसेल तर उजेड तिरका पाडून बघा. खिडकीजवळ पातं हळूहळू कलतं केलं की जे समोरून दिसत नाही ते एका विशिष्ट कोनात दिसून जातं.

ॲसिडची कोरणी सुरू होण्याआधीच्या ब्रिटिश करवतींवर कोरलेलं चिन्ह नसतं, टाचेच्या बाजूला ठोकलेला ठसा असतो. तो खोल असतो आणि गंजातही टिकतो. ठशात ‘कास्ट स्टील’ वाचलंत तर बिडाची करवत समजू नका. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने शेफील्डमध्ये मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली, त्या पोलादाचं हे व्यापारी नाव. ‘जर्मन स्टील’ किंवा ‘लंडन स्प्रिंग’ असे ठसे त्याच कारखान्यांच्या स्वस्त मालावर असत. जर्मनीशी किंवा लंडनशी त्या करवतीचा संबंध असेलच असं नाही.

वयाचा अंदाज मुठीवरून बांधता येतो. सुबक, पातळ, दोन्ही शिंगं पुढे वळलेली मूठ जुनी. जाडजूड, कडा नुसत्या गोल केलेली मूठ नंतरची. पितळी नटांकडेही बघा. नट लाकडाशी सपाट असून त्याच्या मधोमध स्क्रूचं टोक दिसत असेल आणि चीर दोन्हींतून आरपार गेली असेल तर तो चिरेचा जुना नट. अमेरिकेत असे नट १८७० च्या दशकात मागे पडले आणि घुमटीसारखे नट आले. इंग्लंडमध्ये मात्र चिरेचे नट विसाव्या शतकातही बराच काळ वापरात होते, त्यामुळे शेफील्डच्या करवतीचं वय फक्त नटांवरून ठरवू नका.

प्रश्न (न्यू जर्सी): गॅरेज सेलमध्ये २८ इंची डिस्टन मिळाली. चकतीवर ‘एच. डिस्टन अँड सन्स, फिलाडा’ असं आहे. पात्यावर पुसट डी-८ दिसतं, टाचेवर ५½ आकडा आहे आणि मुठीला अंगठ्यासाठी वेगळं भोक आहे. काळ कसा ठरवायचा? ‘फिलाडा’ ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. फिलाडेल्फियाचं ते त्या काळचं नेहमीचं लघुरूप. तुम्ही राहता तिथून नदीपलीकडेच डिस्टनचा कारखाना होता. इंग्लंडातल्या ट्यूक्सबरीत १८१९ साली जन्मलेला हेन्री डिस्टन लहानपणी फिलाडेल्फियाला आला आणि १८४० मध्ये त्याने स्वतःचं काम सुरू केलं. पुढे शहराच्या टॅकोनी भागात कारखान्याभोवती कामगारांची वस्तीच उभी राहिली.

डिस्टनची करवत ओळखायला सोपी, कारण चकतीवरचं नाव कंपनीबरोबर बदलत गेलं. १८६५ मध्ये थोरला मुलगा भागीदार झाला तेव्हा ‘अँड सन’ आलं, १८७१ पासून ‘अँड सन्स’. म्हणजे तुमची करवत १८७१ नंतरची. डी-८ या मॉडेलची ओळख म्हणजे तिची आत वळलेली पाठ. ते पेटंट १८७४ चं, त्यामुळे खालची मर्यादा तेवढी वर सरकली. चकतीच्या कडेला ‘२७ डिसेंबर १८८७’ ही पेटंटची तारीख आहे का, भिंगातून पाहा. असेल तर करवत त्यानंतरची. मात्र पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे, ती फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते. दुसऱ्या टोकाला १९५५ आहे. त्या वर्षी एच. के. पोर्टर कंपनीने डिस्टन विकत घेतली, आणि तेव्हापासूनच्या मालात पूर्वीची सफाई दिसत नाही. एक खबरदारी घ्या: मुठी बदलल्या जातात. पातं आणि चकती एकाच काळातली वाटत नसतील तर मुठीखाली झाकलेला पात्याचा भाग पाहा. आणखी एखादं भोक पाडलेलं असलं तर मूठ दुसऱ्या करवतीची आहे.

५½ आणि अंगठ्याचं भोक हे दोन्ही एकच गोष्ट सांगतात: ही उभी चिरायची करवत आहे. फळी लांबीत चिरताना दुसरा हातही मुठीवर येतो, त्यासाठी ते भोक. आकडा म्हणजे एका इंचातली दातांची टोकं, दोन्ही कडांची धरून. पट्टीचं शून्य एका टोकावर ठेवा आणि एक इंचापर्यंतची टोकं मोजा, पहिलं आणि शेवटचंही मोजून. ८ टोकं म्हणजे ७ दात. मोजणी आणि टाचेवरचा आकडा जुळत नसेल तर कुणीतरी दाते नव्याने पाडलेत. तो दोष नाही, पण विकत घेताना ते माहीत असावं.

प्रश्न (नाशिक): काही करवतींच्या पाठीवर नाकाजवळ छोटासा उंचवटा असतो. त्याचा उपयोग काय? कुणी म्हणतं दोरी अडकवायला, कुणी म्हणतं कापाची सुरुवात करायला.

शोभेसाठी. पाठीची सरळ रेघ मोडावी, एवढाच त्याचा हेतू असल्याचं डिस्टन कंपनीनेच छापून सांगितलं होतं. कापाची सुरुवात त्याने करू नका, तो तुटला की परत येत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): करवतीवर गंजाचा जाड थर आहे. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा सल्ला मिळाला. दुसरे म्हणतात ग्राइंडरला तारेचा ब्रश लावा. कोणता उपाय बरा?

दोन्ही नकोत. व्हिनेगर गंज खातं आणि गंज संपला की चांगलं पोलादही खातं. कोरलेलं चिन्ह पहिल्या तासातच धोक्यात येतं. शिवाय करवतीचं पातं कडक स्प्रिंगच्या पोलादाचं असतं. ॲसिडमधला हायड्रोजन त्यात शिरला की ते ठिसूळ होऊ शकतं आणि पुढे धारेसाठी दाते आळीपाळीने दोन बाजूंना वाकवताना, म्हणजे फाकवताना, कटकन तुटतात. आधीच बुडवली असेल तर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. ग्राइंडरचा धोका वेगळा आहे. पातं जेमतेम एक मिलिमीटर जाड. ब्रश एका जागी क्षणभर रेंगाळला तरी ती जागा तापते. पोलादावर निळसर डाग उमटला की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे तो भाग मऊ झाला, आणि तो घरी परत कडक करता येत नाही.

हाताने केलं तर तास-दीड तासाचं काम आहे. मूठ काढून ठेवा. दातांवर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून बसवा, बोटं वाचतील. पातं सपाट फळीवर ठेवा. रंग खरवडायची पाती किंवा दाढीचं पातं होल्डरमध्ये घालून अगदी आडवं धरा आणि पुढे ढकलत जा. जाड गंज पापुद्र्यांनी निघतो. हा टप्पा टाळून थेट कागदाने घासायला गेलात तर दुप्पट कागद आणि दुप्पट वेळ लागतो. मग टर्पेंटाइन टाकून, ठोकळ्याला कागद गुंडाळून, नेहमी लांबीच्या दिशेने घासा. आधी २२० नंबरचा वॉटर पेपर, मग ३२०, ४०० आणि ६००. २२० चे दोन-तीन कागद लागतील, पुढचे एकेक पुरतात. चिन्हाच्या भागात २२० आणि ३२० नेऊ नका, तिथे ४०० पासूनच सुरुवात करा. पाणी वापरू नका. कोकणातल्या हवेत पातं पुसेपर्यंत तांबूस झाक येते.

आरशासारखी चकाकी आणायचा हट्ट धरू नका. लाल गंज निघाला आणि बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागलं की झालं. खाली उरलेला करडा-काळा थर करवतीला राखतो. पात्याच्या मध्यावर बारीक खड्डे असतील तरी कापण्यात फरक पडत नाही. दातांच्या रेषेवर खोल खड्डे असतील तर मात्र विचार करा, कारण दात खड्ड्याशीच तुटतात.

शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसून अगदी पातळ थर ठेवा. खाण्याचं तेल नको, ते काही महिन्यांत चिकट होतं. पावसाळ्यात करवत प्लास्टिकमध्ये किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, दोन्हींत ओल अडकते. खिळ्याला टांगा आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा.

प्रश्न (पुणे): जुन्या बाजारात एक चांगली करवत दिसली, पण पातं वाकडं आहे. घ्यावी का? वाकलेलं पातं सरळ होतं का?

वाकण्याचे दोन प्रकार आहेत, ते ओळखता आले पाहिजेत. दाते वर करून करवत डोळ्यासमोर धरा आणि बंदुकीचा नेम धरावा तसं टाचेकडून नाकाकडे दातांच्या रेषेवरून पाहा. संपूर्ण पातं धनुष्यासारखं एकसलग वाकलं असेल तर घ्या. गुडघ्यावर ठेवून उलट्या बाजूला वाकवायचं, सोडायचं, पाहायचं, पुन्हा थोडं जास्त वाकवायचं. पोलाद स्प्रिंगचं असल्याने वाक निघायला जेवढी गरज वाटते त्याहून बरंच पुढे न्यावं लागतं.

रेषेत एका जागी मोड असेल, कागदाला घडी पडावी तसा, तर ते अवघड. फुगीर बाजू वर करून पातं सपाट ऐरणीवर किंवा जाड लोखंडी पाटावर ठेवा. गुळगुळीत तोंडाच्या, किंचित गोलाईच्या हातोडीने मोडीच्या उंचवट्यावरच हलके ठोके द्या, आठ-दहा ठोक्यांनंतर पुन्हा नेम धरून पाहा. जोराच्या ठोक्याने पोलाद त्या जागी ताणलं जातं, पातं तिथे सैल पडतं आणि मग हलवलं की पत्र्यासारखं थडथडतं. मोड दातांपर्यंत पोचली असेल किंवा तिच्या टोकाशी बारीक तडा दिसत असेल तर करवत सोडून द्या.

विकत घेताना आणखी दोन गोष्टी पाहा. नाक धरून पातं गोलाकार वाकवा आणि सोडा, ते आपोआप सरळ यायला हवं. व्हर्नियर जवळ असेल तर जाडी मोजा. चांगल्या जुन्या करवतीची जाडी दातांपाशी टाचेपासून नाकापर्यंत सारखी, साधारण ०.९ ते १ मि.मी. असते. पाठ त्याहून पातळ, आणि नाकाजवळची पाठ सर्वांत पातळ, ०.७ मि.मी.च्या आसपास. पातं असं उतरतं घासलेलं असलं की काप घेताना पाठ अडकत नाही आणि दाते कमी फाकवून भागतं. आजच्या स्वस्त करवतीचं पातं सगळीकडे एकाच जाडीचं असतं. जुन्या करवतीसाठी कष्ट घ्यायचे ते मुख्यतः या उतारासाठी.

प्रश्न (मडगाव): मुठीचं वरचं शिंग तुटलंय. पितळी नटांना मधोमध स्क्रू असल्याने साधा स्क्रूड्रायव्हर बसत नाही. सगळे नट गच्च आहेत. काय करू?

नटांना हात लावण्याआधी त्यांच्यासाठी हत्यार तयार करा. रुंद, चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याची रुंदी नटाएवढी घासा आणि तोंडाच्या मधोमध कानशीने एवढी खाच पाडा की स्क्रूचं टोक त्यात सुटं राहील. आता तोंडाचे दोन पाय चिरेच्या दोन बाजूंत बसतात. पितळ मऊ असतं. अरुंद स्क्रूड्रायव्हर घसरला की चिरेची कड एका फटक्यात मोडते. चिरेतला मळ सुईने काढा, तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. तरी हलला नाही तर गरम सोल्डरिंग आयर्न नटावर अर्धा मिनिट टेकवा आणि लगेच फिरवा. स्क्रूच नटाबरोबर फिरत असेल तर पलीकडच्या डोक्यावर रबराचा तुकडा ठेवून अंगठ्याने दाबून धरा. नट दोन-तीन आटे सैल झाला की लाकडी खुंटी ठेवून हलकेच ठोका, म्हणजे स्क्रूची चौकोनी मान लाकडातून सुटते. जुने नट एकेक करून आटे पाडलेले असतात, याचा नट त्याला बसेलच असं नाही. पुठ्ठ्यावर मुठीचा आकार काढून प्रत्येक जोडी आपापल्या जागी खोचून ठेवा.

शिंगाची तुटलेली जागा रंध्याने किंवा सपाट फळीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून पूर्ण सपाट करा. खडबडीत तुकड्यावर तुकडा चिकटवला तर सांधा कायम दिसतो आणि टिकतही नाही. जुन्या मुठी बहुतेक बीच किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या. आपल्याकडे बारीक रेषांचं शिवणीचं किंवा हेदीचं लाकूड चालतं. सागच वापरायचा असेल तर चिकटवण्याआधी जागा थिनरने पुसा, सागातलं तेल गोंद धरू देत नाही. नव्या तुकड्याच्या रेषा मुठीच्या रेषांना समांतर ठेवा, नाहीतर शिंग पुन्हा त्याच जागी तुटतं. तुकडा हवा त्याहून मोठा घ्या, फेव्हिकॉल लावा, चोवीस तास आवळून ठेवा आणि मगच मरफळीने व कानशीने आकार द्या. दुसरं शिंग शाबूत असेल तर त्याचा कागदी साचा कामी येतो.

मळ काढायला टर्पेंटाइन आणि सर्वांत बारीक स्टील वूल पुरतं. सगळं लाकूड कागदाने घासून कोरं करू नका. आधीच्या मालकांच्या हातांनी आलेला रंग पुन्हा आणता येत नाही. मग अळशीच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस ठेवून. लाख आवडत असेल तर १०० मि.ली. स्पिरिटला १२ ग्रॅम चपडा लाख, एवढी पातळ करून लावा. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या गावातल्या सुतारांकडे आता सगळ्या यंत्राच्या करवती. हाताने धार लावणारं कुणी नाही. ८ टोकांच्या आडकापाच्या (फळी आडवी कापायच्या) करवतीला घरी धार लावता येईल का? सगळं सविस्तर सांगा.

येईल, आणि पहिली करवत थोडी बिघडली तरी घाबरू नका. चुकलेली धार पुन्हा घासून सुधारता येते. फक्त दाते निळे-काळे दिसत असतील तर थांबा. ती कडक दातांची आधुनिक करवत, तिला कानस लागत नाही, कानशीचीच धार जाते. जुन्या करवतींना हा प्रश्न नाही.

सामान असं: एक चपटी बारीक कानस, तिधारी कानस आणि दाते फाकवायचा पंजा, ज्याला दुकानात सॉ-सेट म्हणतात. शेफील्डचा एक्लिप्स ७७ जुना मिळाला तर उत्तम. तिधारी कानस निवडताना तिची एक बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त रुंद हवी. तिन्ही कडा आळीपाळीने वापरता याव्यात म्हणून हे. ८ टोकांना सहा इंची बारीक तिधारी चालते, ५-६ टोकांना सात इंची, १० टोकांना त्याहून बारीक. रत्नागिरी-चिपळूणला कानशींचे कारखाने आहेत, त्यामुळे मिळायला अडचण नाही. एका करवतीला एक कानस संपली असं धरून चला. बोथट कानशीने दाब वाढतो आणि दाब वाढला की दाते वेगवेगळे होतात.

पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळा. दाते पट्ट्यांच्या वर ६ ते ८ मि.मी. दिसू द्या, जास्त नाही. जास्त वर ठेवलं की कानस किंचाळते आणि दातांवर लाटा पडतात.

आधी माथे एका पातळीत आणा. चपटी कानस दातांच्या टोकांवर आडवी टेकवून टाचेपासून नाकापर्यंत न्या. ती कलू नये म्हणून तिला लाकडी ठोकळ्यात बसवा. प्रत्येक टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा चमकता ठिपका दिसला की थांबा. काहींवर मोठा, काहींवर नाहीच, असं असेल तर दाते असमान आहेत. मग तिधारी कानस पात्याला काटकोनात धरून खाच-खाच घासा. मोठ्या ठिपक्याच्या दाताकडे जरा जास्त दाब द्या, ठिपका निम्मा झाला की पुढच्या खाचेकडे जा. सगळे दाते एकसारखे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक घाईने हाच टप्पा उरकतात आणि मग करवत उड्या मारते.

मग फाकवणं. एक सोडून एक दात एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला, आधी ज्या बाजूला वळले होते त्याच बाजूला. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवायचा. बुडापासून वाकवला की तो तुटतो, आणि एकदा इकडे वाकलेला दात उलट वाकवला तर नक्कीच तुटतो. वाळलेल्या लाकडाला प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.२ मि.मी. पुरे. एक्लिप्सच्या चक्रावरचे आकडे टोकांचे असतात. ८ टोकांच्या करवतीला चक्र १० वर ठेवा, ८ वर ठेवल्यास फाक लागते त्यापेक्षा जास्त होते. जास्त फाकवलेली करवत रुंद काप घेते, ढकलायला जड जाते आणि रेघेवर राहत नाही. फाकवणं दर धारेला लागत नाही, दोन-तीन धारांनंतर एकदा.

चपटी कानस पुन्हा एकदाच हलकी फिरवा आणि धारेला बसा. आडकापाच्या दाताची पुढची बाजू सरळ उभी नसते, साधारण १५ अंश मागे झुकलेली असते. चिरायच्या करवतीत ती जवळजवळ उभी असते आणि कानस पात्याला काटकोनात चालते. आडकापात मात्र कानस काटकोनापासून २० ते २५ अंश वळवायची, म्हणजे प्रत्येक दात सुरीच्या टोकासारखा होतो आणि लाकडाचे तंतू आधी चिरले जातात. दिशा लक्षात ठेवायला एकच नियम पुरतो: तुमच्याकडे झुकलेला दात शोधा, त्याच्या नाकाकडच्या खाचेत कानस ठेवा, कानशीचं टोक करवतीच्या मुठीकडे वळवा. दोन किंवा तीन सलग ढकल, परत आणताना कानस उचलून घ्या. एक खाच सोडून पुढची. टोकापर्यंत गेलात की करवत फिरवून आवळा आणि उरलेल्या खाचा याच नियमाने करा. पहिल्या बाजूला ठिपका निम्मा घालवा, दुसऱ्या बाजूला पूर्ण. ठिपका गेला की त्या दाताला आणखी एकही ढकल देऊ नका, तो लगेच बुटका होतो. कोन हलू नये म्हणून कानशीच्या टोकावर लहानसा लाकडी ठोकळा खोचा आणि त्याची वरची कड आडवी दिसेल अशी कानस चालवा. सोडलेल्या खाचा कळाव्यात म्हणून झालेल्या खाचांवर खडूचा किंवा मार्करचा ठिपका देत जा.

आता पेन्सिलची रेघ मारून कापून पाहा. करवत उजवीकडे पळत असेल तर उजव्या बाजूची फाक जास्त झाली आहे. पातं आडवं ठेवून त्या बाजूच्या दातांवरून बारीक तेलदगड एकदाच, न दाबता फिरवा आणि पुन्हा कापून पाहा.

प्रश्न (लेस्टर): कार बूट सेलमध्ये पितळी पाठीची टेनन सॉ (सांधे कापायची करवत) घेतली. पाठीवर हत्ती आणि ‘नॉनपरेल’ आहे. पण दातांची रेघ नागमोडी दिसते. पातं हातोडीने सरळ करू का?

हातोडी लावू नका. हत्ती आणि नॉनपरेल ही शेफील्डच्या डब्ल्यू. टायझॅक, सन्स अँड टर्नर यांची खूण. टेनन सॉचं पातं पातळ असतं आणि वर बसवलेल्या, घडी घातलेल्या पितळी पट्टीच्या पकडीनेच ताठ राहतं; या करवतीत पाठ म्हणजे ही पट्टी. करवत पडली की पाठ एका टोकाला, बहुतेक नाकाशी, खाली सरकते आणि पातं आत अडखळून लाट धरतं. मुठीचे नट सैल करा. पातं लाकडी पट्ट्यांमध्ये शेगड्यात धरा, दाते खाली. पितळी पाठीच्या घसरलेल्या टोकाखाली लाकडाचा तुकडा लावून तिला वरच्या दिशेने हलकेच ठोका, दोन-तीन मिलिमीटर वर येऊ द्या. दातांच्या रेषेवरून नजर टाका. बहुतेक वेळा लाट तिथेच निघून जाते. मग लाकडी हातोडीने पाठ थोडी थोडी परत बसवा आणि दर दोन ठोक्यांनी रेघ पाहा. ती सरळ असेपर्यंतच ठोका, पाठ पूर्ण तळाला बसलीच पाहिजे असं नाही.

तुमच्या घरापासून शेफील्ड फार लांब नाही. तिथल्या केलहॅम आयलंड संग्रहालयात केन हॉली यांनी जमवलेला हत्यारांचा मोठा संग्रह आहे. पाठीवरच्या ठशाचा आणि मुठीच्या दोन्ही बाजूंचा फोटो सोबत न्या. तिथे मांडलेल्या करवतींच्या मुठींशी ताडून पाहिलं तर तुमच्या करवतीचा काळ बराच नेमका ठरेल.